रेकॉर्डी, त्यांची माणसं आणि धडगाव

ऐकायच्या वस्तूचे फोटो कशाला काढायचे? या पुस्तकाच्या कामात हा प्रश्न घरोघरी निघाला, आणि तो विचारणारे सहसा संग्राहक नसत, त्यांच्या घरचे असत. संग्राहकाला उत्तर ठाऊक असतं. बालगंधर्वांची एखादी जुनी तबकडी तो क्वचितच लावत असेल, पण कव्हरातून अलगद सरकवून, उजेडाकडे तिरकी धरून पाहत मात्र वारंवार असतो. पाहणं हा या छंदाचा निम्मा भाग आहे. नुसतं ऐकायचं तर तेच पद आज फोनवर मिळतं, खरखर काढून टाकलेलं आणि फुकट. फोनवर न मिळणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत: लेबलाचा रंग, त्यावर भलत्याच पद्धतीने लिहिलेलं गवयाचं नाव, कागदी कव्हरावर दुकानदाराने मारलेला शिक्का, लग्नात भेट दिल्याची फिकट शाईतली ओळ. आणि हा सगळा पसारा आयुष्यभर माळ्यावरून दिवाणाखाली आणि दिवाणाखालून माळ्यावर हलवत राहिलेला माणूस.

त्या माणसांची नावं फोटोंखाली नाहीत. ही त्यांचीच अट होती आणि ती रास्त आहे. संग्रह कुठे आहे हे बाहेर फुटलं, की पहिले फोन येतात ते माल उचलणाऱ्यांचे. रसिक मागाहून, आणि आले तर. म्हणून ज्यांचं काम आधीच लोकांसमोर आहे, तेवढीच नावं या प्रस्तावनेत येतील.

आपल्याकडे ही गोष्ट सुरू होते १९०२ च्या नोव्हेंबरात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मेणाच्या थाळीवर उतरवून घेतलं. अशा थाळ्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथे छापलेल्या तबकड्या परत हिंदुस्थानात विकायला यायच्या. हॅनोव्हरच्या कारागिराला ठुमरी कोणाची आणि दादरा कोणाचा हे कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून गाणं संपता संपता गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायची. रसिकांना पुढे त्या पुकाराचं फार कौतुक वाटू लागलं, पण मुळात ती पार्सलावरची चिठ्ठी होती. १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यातच छापल्या जाऊ लागल्या, लेबल नीट छापलं जाऊ लागलं आणि पुकाराची गरज संपली.

तेव्हापासून लेबल हेच संग्राहकाचं वाचन. चांगला संग्राहक तबकडी हातात घेतली की गाण्याच्या नावाआधी कंपनी बघतो, मग क्रमांक, मग लेबलाच्या कडेबाहेर उरलेल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर. एचएमव्हीचा ग्रामोफोनपुढे कान देऊन बसलेला कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. त्याच कंपनीचं स्वस्तातलं ट्विन, मग कोलंबिया, जर्मन ओडियन ही नावं जरा मुरलेल्यांची. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढल्या. परदेशी कंपन्यांच्या बाजारात हे देशी लेबल दोन दशकं टिकलं, ही साधी गोष्ट नाही. तरीही एखाद्या घरात यंग इंडियाचं लेबल निघालं, की जवळ बसलेल्या नातवाला त्यात काय विशेष हे समजावून सांगावं लागतं. ओडियन आणि यंग इंडिया या दोन्ही लेबलांच्या तबकड्या शोधून त्यांचं डिजिटल रूप तयार करण्याचं काम ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज’ योजनेखाली झालं आणि ते केलं मुंबईच्या सुरेश चांदवणकरांनी. टीआयएफआरसारख्या संस्थेत शास्त्रज्ञ असलेला हा माणूस १९९० मध्ये मुंबईत निघालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चा कणा राहिला. श्रवणाच्या बैठका, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक, कलाकारांच्या तबकड्यांच्या याद्या: अशी कामं विद्यापीठांनी करायची असतात. आपल्याकडे ती हौशी लोकांनी, खिशातले पैसे घालून केली.

त्या तबकडीचं शरीर काय असतं, हे फोटो काढणाऱ्याला कळायलाच हवं. ७८ फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड प्लास्टिकची नाही. लाख, दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू यांचा तो गरम करून दाबलेला लगदा. बांगड्यांची, पत्र मोहोरबंद करायची, फर्निचरच्या पॉलिशची जी लाख, तीच ही. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर किडा ती तयार करतो आणि जगाला ती पुरवण्यात हिंदुस्थान आघाडीवर होता. दुसऱ्या महायुद्धात आशियातून जाणारा माल अडला, तेव्हा अमेरिकेने १९४२ मध्ये रेकॉर्डींसाठी लागणाऱ्या लाखेवर कडक निर्बंध आणले. न्यू यॉर्कमधल्या जाझ वाजवणाऱ्यांचं पोट असं आपल्या जंगलातल्या किड्याशी बांधलेलं होतं.

लाखेमुळे दोन गोष्टी होतात. पहिली, ती स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी साफ करायच्या सवयीने कोणी ७८ वर स्पिरिटचा बोळा फिरवला तर गाणं बोळ्यावर येतं. दुसरी, ती आरशासारखी चमकते. फ्लॅश मारला तर तबकडीवर तबकडी सोडून सगळं दिसतं: ट्यूबलाइट, फोटोग्राफरचा शर्ट, खिडकीचे गज. यावर उपाय एकच, तोही जुना. सकाळी किंवा उतरत्या दुपारी तबकडी खिडकीशी न्यायची आणि उजेड अगदी आडवा घ्यायचा. मग खाचा वेगवेगळ्या दिसू लागतात. जिथे आवाज चढला आहे तिथे रेघ जाड आणि थरथरती, जिथे संथ आहे तिथे बारीक आणि सरळ. जाणता संग्राहक अशा उजेडात नुसत्या डोळ्यांनी सांगतो, की तान कुठे सुरू होते आणि पोलादी सुईने कुठली जागा खाऊन टाकली आहे. ती सुई खरं तर प्रत्येक बाजूला नवी लावायची असते. पैसे वाचवायला एकच सुई दहा-दहा गाण्यांना वापरणारी घरं होती आणि त्या घरांतल्या रेकॉर्डी आडव्या उजेडात लगेच ओळखू येतात: करड्या, थकलेल्या. सगळ्यात आवडत्या गाण्याची दशा सगळ्यात वाईट. या पुस्तकातले मला सर्वांत बोलके वाटणारे फोटो अशा करड्या तबकड्यांचे आहेत. स्वच्छ, ‘मिंट’ रेकॉर्डीचा फोटो सुंदर येतो, पण तिच्यावर कोणाचंच काही घडलेलं नसतं.

रेकॉर्ड जमवणाऱ्यांचे फोटो काढायची कल्पना आपली नाही, हे सांगून टाकावं. आयलॉन पाझ हा इस्रायलमधून न्यू यॉर्कला गेलेला छायाचित्रकार २००८ पासून जगभरच्या संग्राहकांच्या घरी जाऊ लागला आणि २०१४ मध्ये त्याचं ‘डस्ट अँड ग्रूव्ह्ज’ हे जाडजूड पुस्तक आलं. त्या फोटोंत छतापर्यंत गेलेल्या फळ्या आहेत आणि त्यांच्यापुढे बसलेली, आपल्या ऐवजावर खूश असलेली माणसं आहेत. ते पुस्तक मला आवडतं. पण त्याची चौकट उचलून आपल्याकडे आणली तर फोटो खोटे पडतील. केरळात कोट्टायम जिल्ह्यातल्या प्लासनालला सनी मॅथ्यू यांचं ग्रामोफोन संग्रहालय आहे. चेन्नईत व्ही. ए. के. रंगाराव यांनी हजारोंनी ७८ जमवल्या. पण असे अपवाद सोडले तर सगळी भिंत फक्त रेकॉर्डींना द्यावी असं घर कोणाकडे असतं? पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत संग्रह दिसत नाही, लपलेला असतो. दिवाण उचलावा लागतो, देव्हाऱ्याखालचं कपाट उघडावं लागतं, लोणच्याच्या बरण्या सरकवाव्या लागतात. ७८ उभ्याच ठेवायला हव्यात, आडव्या रचल्या की खालच्या तडकतात. पण उभ्या ठेवायच्या तर जागा खातात, म्हणून पत्र्याच्या ट्रंका, आणि ट्रंका म्हणजे दमट हवेत बुरशी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या संग्रहांवर ती पांढरी नक्षी सगळीकडे आहे. आमच्या फोटोंत म्हणून बरीचशी घरंच दिसतात आणि घरातली इतर माणसंही. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू आणि कपाळावरची आठी एकाच फ्रेममध्ये आली असेल तर ती तशीच ठेवली आहे. कोणाचाही संग्रह त्याच्या एकट्याचा नसतो. जागा इतरांनी सोडलेली असते.

हा माल येतो कुठून? पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, रद्दीवाले, आणि सर्वांत जास्त मयत माणसांची घरं. संग्राहक हे फार उघडपणे बोलत नाहीत. एकाचा संग्रह मोडतो तेव्हाच दुसऱ्याचा वाढतो. तो मोडायच्या आत त्याची मांडणी टिपून ठेवणं, हे या कामामागचं अगदी व्यावहारिक कारण होतं. कोणती रेकॉर्ड कशाच्या शेजारी होती, कुठल्या खोक्यावर काय लिहिलं होतं, हे लिलावात टिकत नाही. यादी करता येते, पण यादीत शेजार येत नाही.

जमवणाऱ्यांच्या नशिबावर विश्वास ठेवायचा असेल तर केसरबाई केरकरांची गोष्ट पुरेशी आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंना रेकॉर्डिंगचं फारसं प्रेम नव्हतं. १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी गायलेली भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही चीज निवडली गेली. ती रेकॉर्ड शोधता शोधता अखेर न्यू यॉर्कमध्येच, लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली, टेबलाखालच्या खोक्यात. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबर १९७७ ला पृथ्वी सोडली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याचा वारा संपतो त्या हद्दीपलीकडे पोचलं.

पण केसरबाईंना ज्यांनी गाणं दिलं, त्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आपल्याकडे नाही. भास्करबुवा बखल्यांचाही नाही. १९२२ साली भास्करबुवा गेले तोवर आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू होऊन वीस वर्षं झाली होती. म्हणजे यंत्र होतं, गायक होते, फक्त दोन्हींची गाठ पडली नाही. कोणाही मोठ्या मराठी संग्राहकाच्या कपाटाचा फोटो बघताना मला आधी ही भोकं दिसतात. कपाट भरलेलं असतं, आणि जे कधी दाबलंच गेलं नाही त्याला कपाटात रिकामी जागासुद्धा नसते.

जे कधी दाबलंच गेलं नाही त्याच्याकडे जायचं, तर इथून धडगाव.

नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेला सातपुड्यात अक्राणी तालुका आणि त्याचं ठाणं धडगाव. तळोद्याकडून चांदसैलीचा घाट चढून जावं लागतं, नाहीतर शहाद्याकडून. उन्हाळ्यात कैरीच्या फोडी उन्हात पसरलेल्या दिसतात, इथलं आमचूर दूरवर जातं. वस्ती पावरा आणि भिल्ल. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, गावागावांतून ढोल येतात, आणि मग मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधलेले बुध्या आणि बावा रात्रभर नाचतात. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी तर दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे.

रेकॉर्ड-संग्राहकांच्या पुस्तकात धडगाव का, असं संपादकांनीही विचारलं. पहिलं कारण यंत्राचं. चावीच्या फोनोला वीज लागत नाही. डोंगरात वीज पोचायच्या आधी तो पोचू शकत होता. अडचण यंत्राची नव्हती, मालाची होती. कंपन्यांनी काय छापलं? जे शहरात, तालुक्यात, बाजारपेठेत विकलं जाईल ते: नाट्यपदं, भजनं, लावण्या, पोवाडे, पुढे सिनेमाची गाणी. पावरी बोलीतलं गाणं घेऊन कोणाला विकायचं होतं? सरकारी अभ्यासकांनी निदान कागदावर तरी नोंद केली. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा भिल्ली बोलींवरचा खंड १९०७ मध्ये निघाला, त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट एकेका बोलीत उतरवून छापली आहे. पुढे त्याच सर्वेक्षणासाठी देशभरच्या कितीतरी भाषा ग्रामोफोनवरही घेतल्या गेल्या, तिथेही पुष्कळदा हीच गोष्ट. साहेबाला होळीच्या गाण्याआधी उधळा मुलगा हवा होता.

समजा एखादी कंपनी आलीच असती, तर दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावतात तीन-सव्वातीन मिनिटं. खयाल गाणाऱ्यांनी त्या तीन मिनिटांत राग मांडायची कला शिकून घेतली, ती थोरच. पण मोठा ढोल, मांदल, थाळी आणि फेर धरलेली माणसं यांचं जे रात्रभर चालतं, त्याला सुरुवात आणि शेवट कुठून कापणार? मला वाटतं, तिथे जे मिळालं असतं ते गाणं नसतं, नमुना असता. त्यामुळे सातपुडा तबकडीवर आला नाही याबद्दल निव्वळ हळहळण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण लाऊडस्पीकरवाल्यांचं. तालुक्याच्या गावांत रेकॉर्डी रसिकांकडे कमी आणि मंडप-स्पीकर भाड्याने देणाऱ्यांकडे जास्त असत. लग्न, जत्रा, गणपती, निवडणूक. झाडाला कर्णा बांधायचा आणि फिएस्टा प्लेअरवर रेकॉर्ड चढवायची. १९७५ च्या ‘शोले’नंतर पॉलिडॉरने त्याच्या संवादांची एलपी काढली, तेव्हा गाण्यांऐवजी गब्बरच कर्ण्यातून बोलू लागला. अशा रेकॉर्डींना संग्राहकांच्या बाजारात किंमत नाही. लेबलावर ऑइलपेंटने मालकाने नाव घातलेलं, कडा उडालेल्या, धुळीने खाचा भरलेल्या. पण किती माणसांनी एकाच वेळी ऐकलं असा हिशेब मांडला, तर एकेका स्पीकरवाल्याची ट्रंक पुण्यातल्या दहा कपाटांना भारी आहे. कॅसेट आली तेव्हा या लोकांनी रेकॉर्डी सगळ्यांत आधी टाकल्या, कारण त्यांच्यासाठी तो धंद्याचा माल होता, ठेवा नव्हता. म्हणून ट्रंका आता फार थोड्या उरल्या आहेत. ज्या सापडल्या त्यांना पुस्तकात पूर्ण पानं दिली आहेत.

आणि तिसरं कारण, ज्यासाठी धडगावच्या बाजारात खरं काम झालं: मोबाइलची दुकानं. कॅसेट आणि व्हीसीडीच्या मागोमाग आलं मेमरी कार्ड. दुकानात कार्ड द्यायचं, पैसे द्यायचे, दुकानदार ते गाण्यांनी भरून देतो. आता डेटा स्वस्त झाल्यापासून ते कमी झालं, पण दुकानाच्या संगणकात जमलेली गाणी तिथेच आहेत. पावरी, भिल्ली, अहिराणी, होळीची, लग्नाची, आणि टिमली: दक्षिण गुजरातपासून नंदुरबारपर्यंत आदिवासी तरुण जिच्यावर नाचतात ती, कीबोर्ड आणि ड्रमपॅडवर बांधलेली चाल. वडीलधाऱ्यांना ती आवडत नाही, जशी एके काळी पेटी आवडत नव्हती. तबकडीने ज्यांना कधी विचारलं नाही, त्यांनी तबकडी, कंपनी आणि कारखाना वगळून थेट स्वतःचं मुद्रण सुरू केलं. दर होळीला नवी गाणी येतात आणि तितकीच नाहीशीही होतात.

याचा फोटो कसा काढायचा? वस्तू नाही, कव्हर नाही, खाच नाही. संगणकाच्या पडद्यावर पिवळ्या फोल्डरांची रांग आणि त्याखाली फाइलींची नावं. पण त्या नावांत बघा: गायकाचं नाव, गावाचं नाव, ‘होळी स्पेशल’, साल, स्टुडिओ, कधी दुकानदाराचा नंबर. हे लेबलच आहे. आणि गाणं ऐकलं तर मध्येच एक आवाज येऊन स्टुडिओचं किंवा डीजेचं नाव जोरात पुकारून जातो, चोरी होऊ नये म्हणून. हॅनोव्हरच्या कारागिरासाठी गौहर जान जे करत होती त्याच्याशी याचं नातं मला सरळ दिसतं: माल हातातून सुटून लांब जाणार आहे, तेव्हा नाव आवाजातच बांधून टाका. शहरातल्या संग्राहक मित्रांना ही तुलना पटली नाही. एकाने तर चहा अर्धा ठेवून वाद घातला. त्यांचं म्हणणं असं, की संग्रह म्हणजे निवड, आणि दुकानदार निवडत नाही, साठवतो. मला हा फरक मान्य नाही. मागणी असलेलं ठेवायचं आणि नसलेलं पुसायचं, जागा संपली की काय उडवायचं ते ठरवायचं: दिवाणाखाली यापेक्षा वेगळं काय चालतं?

तेव्हा या पुस्तकात धडगावचे फोटो परिशिष्टात टाकलेले नाहीत. ते मुंबईच्या कपाटांनंतर आणि स्पीकरवाल्यांच्या ट्रंकांआधी, मधोमध आहेत. छपाईच्या दृष्टीने ही जागा गैरसोयीची होती, कारण पडद्यांचे फोटो काळ्या तबकड्यांशेजारी भडक दिसतात. ते तसेच ठेवले. प्रत्येक तबकडीच्या फोटोखाली कंपनी, क्रमांक आणि लेबलावर जसं छापलं आहे तसं नाव दिलं आहे, चुकांसकट. धडगावच्या फोटोंखाली फाइलचं नाव आहे, तेही दुकानदाराने जसं टाइप केलं तसंच. फक्त त्यातले फोन नंबर काढले आहेत.